सेविका घरी येते तेव्हा: लहान मुलांची भाषा आणि सेविकांचं प्रशिक्षण

मूल बोलायला लागतं ते कुणी फळ्यावर लिहून शिकवलं म्हणून नाही. घरात माणसं बोलतात, मूल ऐकतं आणि एक दिवस तेही बोलायला लागतं. मग अंगणवाडी सेविकेला ‘बालकांचा भाषाविकास’ या विषयाचं प्रशिक्षण कशाला? आमच्या आजीने कुठे घेतलं होतं प्रशिक्षण, असं गावात कुणी ना कुणी म्हणतंच. प्रश्न वाजवी आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

आजीच्या घरात बाळाच्या आसपास दिवसभर पाच-सात माणसं असायची आणि त्यातल्या एखाद्याचा तरी हात रिकामा असायचा. (सगळ्या आज्यांची घरं अशी नव्हती. मजुरीला जाणाऱ्या आजीचं बाळ तेव्हाही बांधावरच्या झोळीतच असायचं.) आता आई-बाप दोघंही कामावर, बाळ सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, नाहीतर उसाच्या फडावर, नाहीतर गावाकडे आजोबांजवळ, आणि रडू आलं की हातात मोबाईल. अशा घरातलंही मूल बोलायला लागतंच. फरक पडतो तो पुढे. त्याच्याकडे शब्द किती आहेत, काल काय झालं ते त्याला सांगता येतं का, पहिलीत बाईंनी दोन वाक्यांत दिलेली सूचना त्याला समजते का, या गोष्टींत. आणि हा फरक शाळेत दिसत असला तरी तयार झालेला असतो तिसऱ्या वर्षाच्या आतच.

इथेच एक अडचण आहे. तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत बसत नाही. अंगणवाडीत येतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याआधीची मुलं केंद्रात दिसतात ती वजनाच्या दिवशी, लसीकरणाला किंवा आई टीएचआरची (घरी न्यायच्या पूरक आहाराची) पाकिटं घ्यायला येते तेव्हा. म्हणजे ज्या वयात भाषेचा पाया पडतो, त्या वयातलं मूल सेविकेच्या हातात नसतंच. ते असतं आईच्या, आजीच्या, बहिणीच्या हातात. सेविका आठवड्यातून एकदा येऊन मुलाला कितीही शब्द शिकवो, उरलेल्या सहा दिवसांपुढे त्याचं फार काही चालणार नाही. म्हणून तिला मुलाला शिकवायचं प्रशिक्षण देऊन भागत नाही. मुलाजवळच्या मोठ्या माणसाशी कसं वागायचं, याचं प्रशिक्षण द्यावं लागतं. बहुतेक प्रशिक्षणं नेमकी इथेच घसरतात.

देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून सेविका घरोघर जाते आहे. गावातलं प्रत्येक गरोदरपण आणि प्रत्येक बाळ तिला नावानिशी माहीत असतं. एवढी मोठी आणि इतकी घरात पोचलेली दुसरी यंत्रणा आपल्याकडे नाही.

भाषा घडते कशी, थोडक्यात

बाळ पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत, आईचा आवाज ऐकत असतं. जन्मलेलं मूल आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजातून ओळखतं. दोन-तीन महिन्यांत हुंकार, सहा-सात महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’. बाबा खूश होतात, पण ते त्यांना उद्देशून नसतं. वर्षाच्या आसपास पहिला खरा शब्द. दोन वर्षांपर्यंत ‘दुदू दे’, ‘बाबा आला’ अशी दोन शब्दांची जोडी. या सगळ्या काळात बोलण्याच्या कितीतरी पुढे असतं ते समजणं. दहा शब्द बोलणाऱ्या मुलाला पन्नास कळत असतात.

यातला एक प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसाला हा फरक सहसा ऐकूच येत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो बिनचूक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत त्याच घरांतल्या बाळांची ही ओळख बरीचशी मावळली होती. घरात जे आवाज नाहीत, त्यांच्याकडे मेंदू लक्ष देणं सोडून देतो. तेव्हा ‘अजून बोलत नाही, त्याच्याशी काय बोलायचं’ हे उलटं झालं. ते बोलत नाही त्या वर्षातच त्याचं बरंच काम उरकलेलं असतं.

मग त्याच्यापुढे नुसतं बोलत सुटायचं का? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून हार्ट आणि रिझली यांनी एक आकडा मांडला: चार वर्षांची होईपर्यंत सुस्थितीतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांत तीन कोटींचा फरक पडतो. आकडा जगभर गाजला. पुढे त्यावर टीकाही भरपूर झाली, आणि ती रास्त होती. कुटुंबं थोडी, त्यात गरीब कुटुंबं तर आणखी थोडी, आणि आजी, काकू, शेजारीण यांचं बोलणं हिशेबातच नाही. आपल्या वाड्या-वस्त्यांवर हे मोजमाप जसंच्या तसं लावणं चुकीचं ठरेल. शिवाय त्यातून ‘गरीब आईला बोलता येत नाही’ असा एक उर्मट सूर निघतो. प्रशिक्षणात तो शिरला की घरभेट वाया गेलीच म्हणून समजा.

नंतरच्या संशोधनाने शब्दांच्या ढिगापेक्षा देवाणघेवाणीवर बोट ठेवलं. २०१८ मध्ये रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू कसा चालतो तेही पाहिलं. मुलाने किती शब्द ऐकले यापेक्षा मोठ्यांशी त्याच्या बोलण्याच्या फेऱ्या किती झाल्या, म्हणजे एक वाक्य त्याचं, एक तुमचं, पुन्हा त्याचं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त संबंध दिसला. घरची कमाई आणि शिक्षण बाजूला काढूनही दिसला.

उंबऱ्यात बसलेलं दीड वर्षाचं मूल कावळ्याकडे बोट करून ‘का!’ म्हणतं. एक आई म्हणते, ‘हं.’ दुसरी म्हणते, ‘कावळा म्हण. म्हण, का-व-ळा. आणि तो काय आहे? आणि ते काय?’ तिसरी म्हणते, ‘हो रे, कावळा आला! काय करतोय कावळा?’ आणि थांबते. मूल म्हणतं, ‘मम.’ ती म्हणते, ‘मम खातोय कावळा. पोळी खातोय.’ पहिल्या आईने फेरी होऊच दिली नाही. दुसरीने परीक्षा घेतली. तिसरीने मुलाचाच शब्द उचलला, तो जरा मोठा करून परत दिला, आणि मध्ये थांबून त्याची पाळी येऊ दिली. तिला ना पैसा लागला ना पुस्तक. तिचं सगळं कसब त्या थांबण्यात आहे. लहान मुलाला उत्तर जुळवायला जरा वेळ लागतो, आपण दोन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकतो. ‘मनातल्या मनात पाच मोजा’ ही एक सूचना प्रशिक्षणातून सेविकेच्या आणि तिच्याकडून आईच्या अंगवळणी पडली, तरी मी त्या प्रशिक्षणाला चांगले गुण देईन.

चुकीचा शब्द दुरुस्त करण्याचंही असंच. मूल ‘घोडाला पाणी’ म्हणालं, तर ‘घोडाला नाही, घोड्याला म्हण’ असं टोकण्याची गरज नसते. ‘हो, घोड्याला पाणी देऊ या’ एवढं पुरतं. बरोबर रूप कानावर पडलं आणि बोलणंही तुटलं नाही. खरं तर ‘घोडाला’ म्हणणाऱ्या मुलाने ‘ला’ लावण्याचा नियम पकडलेला असतो. ती प्रगती आहे, हे सेविकेला कळलं की ती आईलाही सांगू शकते.

घरभेटीत काय होतं आणि काय व्हायला हवं

नेहमीची भेट कशी असते? सेविका दारातून आत येते, वही काढते. ‘मुलाशी जास्त बोलत जा, मोबाईल देऊ नका, हिरव्या भाज्या द्या.’ आई मान डोलावते, सही करते, सेविका पुढच्या घरी. सांगितलेलं सगळं बरोबर असतं. पण आईच्या मनात उरतं ते इतकंच, की आपलं काहीतरी चुकतंय.

चांगल्या भेटीत सेविका आधी जमिनीवर बसते. मुलाच्या नजरेला नजर येईल इतकी खाली. मग दोन-चार मिनिटं काहीच सांगत नाही, बघते. आजी लसूण सोलतेय, नातू टरफलं उडवतोय. तो काहीतरी पुटपुटतो, आजी त्याच्याकडे बघून म्हणते, ‘उडालं का?’ एवढ्यावर सेविका म्हणते, ‘आजी, आत्ता त्यानं आवाज केला आणि तुम्ही लगेच त्याला उत्तर दिलंत ना, ते फार चांगलं केलंत. असं केलं की पोरं लवकर बोलतात.’ आजी हसते. म्हणते, ‘त्यात काय गं बाई, मी तर उगीच बोलले.’ मग सेविका त्याच टरफलांचा खेळ करते: ‘आता तो उडवायला लागला की तुम्ही म्हणायचं, एक... दोन... आणि थांबायचं. बघा काय करतो ते.’ स्वतः एकदा करून दाखवते, मग बाजूला होते आणि आजीला करू देते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नातू ‘ईन!’ ओरडतो. आता पुढच्या आठवड्यापर्यंत आजीला काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

यात क्रम महत्त्वाचा आहे. बघणं, घरात जे चांगलं चाललंय ते नेमकं शब्दांत सांगणं, एकच नवी गोष्ट करून दाखवणं, पालकाला करू देणं, आणि मग गप्प बसणं. शेवटचं सगळ्यांत अवघड जातं. आपल्याकडच्या कार्यकर्तीला सांगायचं प्रशिक्षण मिळालेलं असतं, बघायचं नाही. शिवाय मूल तिच्याकडे बघून हसलं की तिलाच खेळायचा मोह होतो. ताई आल्या, ताई छान खेळल्या, ताई गेल्या. आईने नुसतं पाहिलं.

ही रीत हवेत बांधलेली नाही. १९८६-८७ मध्ये जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या, नऊ ते चोवीस महिन्यांच्या १२९ मुलांबरोबर काम सुरू केलं. काही मुलांना पूरक आहार दिला. काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर एक आरोग्य कार्यकर्ती जायची, घरीच बनवलेली खेळणी घेऊन, आणि आईला मुलाशी खेळायला-बोलायला उभारी द्यायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. या कार्यकर्त्या डॉक्टर किंवा पदवीधर नव्हत्या, आपल्या सेविका किंवा आशाताईंसारख्याच वस्तीतल्या बायका होत्या. त्या मुलांचा पाठपुरावा होत राहिला आणि २०१४ मध्ये वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष आला: ज्यांच्या घरी खेळ-संवादाच्या भेटी झाल्या होत्या, ते तरुण इतरांपेक्षा २५ टक्के जास्त कमावत होते. नुसत्या आहाराचा असा दूरचा परिणाम कमाईत दिसला नाही. मुलं थोडी होती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही ज्या देशात अंगणवाडी म्हटलं की आधी खिचडी आठवते, त्या देशाने हा निकाल नीट वाचायला हवा. आहार लागतोच, त्यावर वाद नाही. पण नुसत्या आहारावर थांबलं तर अर्धंच काम होतं.

हीच रीत ओडिशातही वापरून पाहिली गेली. तिथल्या १९२ खेड्यांमधल्या एका मोठ्या प्रयोगात घरोघरच्या भेटी आणि आया-मुलांच्या गटाची एकत्र बैठक, या दोन्हींची तुलना झाली. दोन्हींनी मुलांच्या आकलनात आणि भाषेत सुधारणा झाली, आणि गटाचं काम बरंच स्वस्तात झालं. ज्या सेविकेकडे रोज घरभेटी करायला वेळच नाही, तिच्यासाठी ही मोठी सोय आहे. पाच-सहा आया एका ओट्यावर बसल्या की एकीचं बघून दुसरी करते, आणि ‘माझंच पोर बोलत नाही का’ ही धास्तीही कमी होते.

प्रशिक्षण हॉलमध्ये काय होतं

२०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण भी, पढाई भी’ हा अंगणवाडीत आहाराबरोबर शिकण्यावरही भर देणारा कार्यक्रम सुरू केला. २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हे दोन आराखडे आले. नवचेतनामध्ये ३६ महिन्यांच्या कॅलेंडरमध्ये वयानुसार १४० कृती बसवलेल्या आहेत, आणि त्या सेविका, आशा आणि पालक सगळ्यांनीच करायच्या आहेत. महाराष्ट्रात त्याआधीपासून अंगणवाडीसाठी ‘आकार’ अभ्यासक्रम आहे, आणि युनिसेफ व सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने चाललेला ‘आरंभ’ उपक्रम तर थेट तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांसाठीच आहे. म्हणजे कागदावर साहित्य कमी नाही. चांगलंही आहे.

घोडं अडतं ते हे साहित्य सेविकेपर्यंत पोचताना. राज्यपातळीवर मास्टर ट्रेनर तयार होतात, ते प्रकल्प अधिकारी आणि मुख्यसेविकांना (सेविकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) शिकवतात, त्या सेविकांना. ताकात प्रत्येक घराने थोडं थोडं पाणी घालावं तसा मजकूर खाली येईपर्यंत पातळ होतो. वरच्या पायरीवर खरं बाळ समोर ठेवून दाखवलेली गोष्ट तिसऱ्या पायरीवर स्लाइडवरची ओळ होते: ‘संवेदनशील प्रतिसाद द्यावा.’ शंभर जणींच्या हॉलमध्ये, जेवणानंतरच्या सत्रात, या ओळीचं काय होतं ते तिथे बसलेल्या कुणालाही विचारा.

थांबणं, बघणं, पालकाला पुढे करणं ही अंगी बाणवायची कामं आहेत, ऐकून ती येत नाहीत. म्हणून निम्मा वेळ तरी सेविकांनी करण्यात जावा. एक जण आई, एक जण सेविका, एक जण निरीक्षक. ‘आई’ झालेली मुद्दाम म्हणते, ‘मला वेळ नाही हो, माझी चूल पेटलीय.’ आता सेविका काय करणार? उत्तर हॉलमध्येच शोधलं पाहिजे, कारण ते घरात रोज विचारलं जाणार आहे. (बरं उत्तर असं: चूल पेटलेली असतानाच काय बोलता येईल ते दाखवायचं. भाकरी थापताना ‘थाप-थाप-थाप, आता उलटली!’ यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. भाषेसाठी दिवसातला अर्धा तास राखून ठेवा असं सांगणारी पत्रकं लिहिणाऱ्यांनी मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस पाहिलेला नसावा.) मग त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, जवळच्या वस्तीत प्रत्यक्ष घरात जाऊन हे करून बघायचं आणि परत येऊन त्यावर बोलायचं. फोनवर आपली दोन मिनिटांची घरभेट चित्रित करून स्वतःच बघणं हे तर फारच उपयोगी. ‘अगं, मीच बोलतेय सगळं!’ हे कुणी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा स्वतःला दिसलेलं बरं. आईची परवानगी तेवढी आधी घ्यावी.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे केलं, ते या संदर्भात आजही ताजं वाटतं. महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, पानं, दगड वापरले. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. आणि बालसेविका तयार केल्या त्या प्रत्यक्ष मुलांमध्ये काम करत करत.

कुठली भाषा?

सेविकांच्या पुस्तिका प्रमाण मराठीत असतात. मेळघाटातल्या घरात कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीची नातलग. मराठीशी तिचं कुळाचं नातंच नाही. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, नंदुरबारमध्ये भिली बोली आणि पावरी, पालघरमध्ये वारली. या घरांमध्ये जाऊन ‘मुलाशी मराठीत बोला, शाळेत उपयोगी पडेल’ असं सांगणं हा सर्वांत वाईट सल्ला. आईला जी भाषा मनापासून, सहज, विनोदासकट बोलता येते, त्याच भाषेत ती फेऱ्या करू शकते. अर्धवट येणाऱ्या मराठीत ती फक्त हुकूम देईल: बस, खा, ये. दोन भाषा ऐकल्याने मूल गोंधळतं किंवा उशिरा बोलतं, ही भीतीही निराधार आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. एकाच भाषेत मूल मागे दिसलं तर ते मागे पडणं नव्हे.

सेविका त्याच गावातली असते, ही आपल्या योजनेची एक शहाणी अट आहे. बहुतेकदा तिला घरची बोली येते. प्रशिक्षणाने फक्त ती बोली वापरायला तिला उघडपणे मुभा द्यायला हवी. मराठवाड्यात नातवाशी ‘काय करायलास?’ म्हणणाऱ्या आजीलाही हे लागू आहे. शुद्ध बोलण्याचा दबाव आला की माणसं कमी बोलतात.

मोबाईलचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. कारण साधं आहे: गाणं कितीही गोड असो, मूल ‘का!’ म्हणालं तर मोबाईल थांबत नाही. पण घरात दुसरा हात नसताना स्वयंपाकापुरता फोन देणाऱ्या बाईला अपराधी ठरवून काही साधत नाही. फोनमधलंच मुलाबरोबर दोन मिनिटं बघून ‘हे काय चाललंय रे?’ विचारायला सुचवणं जास्त कामाचं.

कधी वाट बघायची नाही

सेविकेला निदान करायचं नाही. पण कुठल्या मुलाला पुढे पाठवायचं, एवढं तिला पक्कं माहीत हवं. वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा’ असा आवाज नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही. दीड वर्षात एकही शब्द नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही. दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, आधी बोलत असलेले शब्द बोलेनासं झालं. यातलं काहीही दिसलं तर पहिली शंका कानाची. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचं बोलणं मागे पडतं आणि घरच्यांना वाटतं हट्टी आहे. शक्य तर जन्मानंतर महिन्याच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार, असा जगभरचा दंडक आहे. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाचंही ऐकणं कमी होतं, आणि आपल्याकडे कान वाहणं ही कुणी मनावर न घेण्याची गोष्ट झाली आहे.

घरात यावर ठरलेली उत्तरं मिळतात. ‘याचे पप्पा पण उशिराच बोलले.’ ‘मुलगा आहे, मुलगे उशिरा बोलतात.’ ‘जीभ जड आहे, वेखंड चाटवतोय.’ मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण थोडेच. उशिरा बोलणाऱ्या बऱ्याच मुलांची गाडी पुढे रुळावर येते हेही खरं. अडचण इतकीच की कुणाची येईल आणि कुणाची नाही, ते आधी सांगता येत नाही. म्हणून आजीशी वाद घालण्यापेक्षा सेविकेने म्हणावं, ‘तुमचं खरं असेल, पण कान एकदा तपासून घेऊ. चांगलं निघालं तर जीव शांत होईल.’ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, आणि जिल्हा पातळीवर अशा मुलांची पुढची तपासणी आणि उपचार करणारं त्वरित हस्तक्षेप केंद्र असतं. ते कुठे आहे, कोणत्या वारी चालू असतं, एसटी कुठून सुटते, हे प्रशिक्षणात पाठ करून घ्यावं. ‘जिल्ह्याला न्या’ एवढंच सांगितलं की नेणारे थोडेच.

आणि वेळ कुणाकडे आहे?

हे सगळं वाचून एखादी सेविका कपाळाला हात लावेल, आणि तिचं बरोबर असेल. वजन-उंची, आहार, टीएचआर वाटप, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर या मोबाईल ॲपमध्ये नोंदी, निवडणूक आली की मतदार यादीचं काम, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज. मानधनासाठी २०२३ च्या डिसेंबरपासून राज्यभर चाललेला दीर्घ संप विसरण्यासारखा नाही. तिच्यावर ‘भाषाविकास’ नावाचं आणखी एक रजिस्टर टाकलं तर ते भरलं जाईल, काम होणार नाही. म्हणून वेगळ्या भेटी न वाढवता आहेत त्याच भेटींचा कस बदलावा: टीएचआर घ्यायला आलेल्या आईच्या कडेवरच्या बाळाशी दोन मिनिटं, वजनाच्या रांगेत एक खेळ, पालक मेळाव्यात भाषणाऐवजी टरफलं, वाट्या, जुन्या कॅलेंडरची चित्रं.

आणि खरी गुंतवणूक व्हावी ती मुख्यसेविकेवर. एका बीटमध्ये, म्हणजे तिच्या देखरेखीखालच्या भागात, तिच्याकडे पंचवीस-तीस अंगणवाड्या, त्यातही पदं रिकामी. ती केंद्रावर येते तेव्हा रजिस्टरं तपासते, ट्रॅकर बघते, सही करते. महिन्यातून एका सेविकेबरोबर ती एका घरात गेली, मागे बसून राहिली, आणि परतताना वाटेत सेविकेला तसंच म्हणाली जसं सेविकेने आजीला म्हणायला हवं, म्हणजे काय चांगलं झालं ते आधी, नेमकं, आणि मग एकच गोष्ट सुधारायला, तर तीन दिवसांचं प्रशिक्षण वर्षभर जिवंत राहतं. बीट मीटिंगमध्ये अहवाल वाचून झाल्यावर पंधरा मिनिटं एका सेविकेने आपल्या एका घराची गोष्ट सांगावी: मूल काय म्हणालं, आईने काय केलं, मला कुठे गप्प बसता आलं नाही. बाकीच्यांनी ऐकावं आणि काही सुचलं तर सुचवावं. यासाठी परिपत्रकाची वाट बघायचं कारण नाही, अजेंड्यात एक ओळ वाढवली तरी चालतं.